ठकूची क्रेन आणि मामांची काळजी

३ फेब्रुवारी

चि. ठकूस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बंदरावर क्रेन चालवायची नोकरी! मी ते वाक्य वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मला वाटलं, ‘क्रेनच्या कचेरीत’ असं काहीतरी असेल. पण तू स्वच्छ लिहिलं आहेस, की चालवायची, आणि तीही वर बसून. शाब्बास! आपल्या घराण्यात आजवर पुरुषसुद्धा माळ्यापेक्षा उंच चढलेले नाहीत.

तुला ठाऊकच आहे, मी पहिल्यापासून पुढारलेल्या विचारांचा. कचेरीत अधीक्षक होतो तेव्हा हाताखाली बायका होत्या. त्यांच्यावर मी कधी आवाज चढवला नाही. चढवायची वेळच येत नसे, कारण अवघड काम मी त्यांना देतच नव्हतो. घरीही तुझ्या मामीला कशाला म्हणून अडवलं नाही. तिला विचारूनच लिहिलं असतं, पण ती आत कामात आहे.

आमच्या ज्येष्ठ मंडळात एप्रिलमध्ये ‘स्त्री आणि समानता’ या विषयावर व्याख्यान आहे. वक्ता सर्वानुमते मी. कुणा बाईंना बोलू द्यावं अशी सूचना आली होती, पण त्या दिवशी चहाचं सगळं बायकांकडेच असल्यामुळे ते जमण्यासारखं नव्हतं. भाषणात तुझं उदाहरण देणार आहे.

केस घट्ट बांधत जा. सहकाऱ्यांशी फार हसू नकोस, आणि अगदी गंभीरही राहू नकोस, नाहीतर शिष्ट म्हणतील. कामावरून आल्यावर स्वयंपाक कोण करणार, याचा खुलासा तुझ्या पत्रात कुठे आढळला नाही.

आणि एक आनंदाची बातमी. तुमच्या बंदराच्या वाहतूक विभागाचा साहेब म्हणजे माझा कॉलेजातला लंबू! आम्ही एका बाकावर बसायचो. तेव्हा तू तिकडे एकटी आहेस असं मुळीच समजू नकोस.

तुझा,
मामा

ता.क. मामीचा आशीर्वाद.


२० फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही भाषणात माझं उदाहरण देणार, तर मी काय करते ते नीट सांगते. नाहीतर लोकांना वाटेल, मी कंटेनर पाठीवर घेऊन चालते.

जहाज धक्क्याला लागतं. त्याच्या पोटातून एकेक कंटेनर उचलायचा, पाण्यावरून अलगद आणायचा आणि खाली उभ्या ट्रेलरवर ठेवायचा. माझी केबिन काचेची आहे, पायाखालीसुद्धा काच. खालची माणसं टाचणीच्या टोपीएवढी दिसतात. ताकद लागते ती दोन दांडे ढकलण्याएवढी. तुमच्या पेटीचा भाता याहून जड आहे. खरं कौशल्य झोक्यात. कंटेनर हवेत झुलतो, त्याला दटावून भागत नाही. तो झुलतो त्या बाजूला आपणही थोडं जायचं, मग तो आपणहून शांत होतो.

पहिल्या दिवशी मी वर आहे असं कळल्यावर ट्रेलरवाले गाडी लावून लांब जाऊन उभे राहिले. एकाने हेल्मेटवर हात ठेवला होता. आता सवयीने जवळ उभे राहून विड्या ओढतात, म्हणजे विश्वास बसला असावा. आमचे फोरमन मोठ्या मिशांचे. बाकीच्यांचं चुकलं की ‘अरे गाढवा’ म्हणतात आणि माझं चुकलं की ‘अहो मॅडम, जरा’. मी त्यांना सांगितलं, मलाही गाढव म्हणा, त्याशिवाय मी तुमच्यातली होणार नाही. ‘विचार करतो,’ म्हणाले.

उंचीची भीती वाटत नाही. त्रास आहे तो वेगळाच. बायकांच्या स्वच्छतागृहात झाडू ठेवलेत आणि त्याला कुलूप आहे. चावी रखवालदाराकडे. तो माझ्याकडे असा बघतो, की जणू मी झाडू पळवायला आलेय. म्हणून मी अख्खी शिफ्ट पाणी पीत नाही. याची तक्रार केली आहे. सध्या मी उमेदवारीवर आहे, मेअखेर कायम करतात.

स्वयंपाकाचं म्हणाल, तर शेजारच्या खोलीतही एक क्रेनवालाच राहतो. त्याला हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. आम्ही दोघंही अंडी उकडून खातो.

मामीला नमस्कार. ती काय म्हणाली, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

तुमची,
ठकू


५ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून माझी दुपारची झोप उडाली आहे. पायाखाली काच! मी काल स्टुलावर चढून बल्ब बदलायला गेलो आणि तुझी आठवण येऊन घेरीच आली. बल्ब मग मामीने बदलला.

मी समानतेचा कट्टर पुरस्कर्ता आहे, हे तू जाणतेस. पण समानता म्हणजे दोघांनी एकाच शिडीवर चढणं नव्हे. एकाने चढावं, दुसऱ्याने खालून शिडी धरावी, आणि दोघांना मान सारखा! हे वाक्य मला आज सकाळी दाढी करताना सुचलं. भाषणात घेतलं आहे. मंडळाच्या चिटणीसांना ऐकवलं, तर त्यांना शब्दच सुचेना.

दिवसभर पाणी न पिणं अत्यंत वाईट. पण तू काळजी करू नकोस. मोठी माणसं असतात कशासाठी? लवकरच तुला एक सुखद धक्का मिळेल. इतकंच सांगतो.

मामी म्हणते, ‘तिला आवडतंय का, ते विचारा.’ त्यात विचारण्यासारखं काही नाही, म्हणून विचारत नाही.

तुझा,
मामा


१८ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मला क्रेनवरून उतरवलं.

सोमवारी मी शिडीपाशी गेले तर माझ्या जागी दुसराच मुलगा. वाहतूक साहेबांनी, म्हणजे तुमच्या मित्रांनी, मला बोलावून घेतलं. इतकं गोड बोलले, की मला आधी वाटलं बढतीच मिळतेय. म्हणाले, ‘तुमच्यासारख्या हुशार मुलीची जागा उन्हातान्हात नाही.’ माझी जागा स्वागतकक्षात आहे. टेबल, खुर्ची, एक फुलदाणी. आलेल्या माणसाला बसायला सांगायचं आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगायचं. साहेब खिडकीत उभे राहून चहा पीत असतात, ते आलेल्या माणसालाही दिसतं.

मी विचारलं, माझ्या हातून काय चुकलं? कुठे कंटेनर आपटला का? ‘छे छे, काम उत्तम. पण घरच्यांनाही काळजी असते ना.’ कुठले घरचे? आईला विचारलं, तर ती शपथेवर सांगते, तिने कुणाला काही म्हटलेलं नाही.

हे फोरमनचं काम आहे. माझी खात्री आहे. त्या दिवशी गाढव म्हणायला सांगितलं, ते त्यांना झोंबलं असणार. मी त्यांच्याशी बोलणं सोडलंय. रोज समोरून जातात, मिशीला पीळ देतात, मी फुलदाणीकडे बघते.

मामा, तुमची भाषा चांगली आहे आणि हा विषय तर तुमचाच. मला एक कडक अर्ज लिहून द्याल का? असा लिहा, की साहेबांना खिडकीत उभं राहवणार नाही.

तुमची,
ठकू


२४ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आश्चर्य वाटलं. तू दुःखी आहेस? मला तर उलट अपेक्षा होती. डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची, समोर फुलं. लोक अशा जागेसाठी वर्षानुवर्षं झुरतात.

अर्जाची घाई करू नये. अर्ज हे दुधारी शस्त्र आहे. शिवाय लंबू हा मनाने फार चांगला माणूस, त्याला तो लागेल. फोरमनशीही उगाच वाकडं घेऊ नकोस. त्याचा यात हात असेलच असं नाही, असं आपलं मला वाटतं. जे होतं ते आपल्या भल्यासाठी कुणीतरी केलेलं असतं.

सोबत माझ्या भाषणाची प्रत पाठवत आहे. ‘बंद दारं कोण उघडणार?’ हा परिच्छेद अवश्य वाच. तुला धीर येईल.

तुझा,
मामा

ता.क. मामीचा आशीर्वाद.


२७ मार्च

प्रिय ठकूबाई,

हे पत्र माझं आहे, मामीचं. यांच्या पत्राखाली ‘मामीचा आशीर्वाद’ येतो ना, तोही हेच लिहितात. आशीर्वाद मी मनात देत असतेच, त्यामुळे खोटं नाही म्हणता यायचं.

तुझ्या फोरमनशी बोलायला लाग. तुला त्यांनी नाही उतरवलं. तुझ्या मामांनी उतरवलं.

मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. यांनी माझ्यासमोर लंबूला फोन लावला. मी खोलीत असले की खोलीत कुणी नाही, असंच ते धरून चालतात. आधी दोघं बराच वेळ कॉलेजच्या आठवणी काढून हसले. मग हे म्हणाले, ‘अरे, आमची ठकू तुझ्याकडे आहे. पोरगी गुणी आहे, पण हट्टी. तिला दुखवू नकोस, नुसती खाली उतरव. एखादं टेबल दे. वर्षभरात लग्नाचं बघू, तोवर निभेल.’

तिकडून लंबू काही म्हणाला असेल, कारण हे हसले आणि म्हणाले, ‘तिला कळतंय कशाला? आमच्या हिच्या वेळी मी नाही का नगरपालिकेत जाऊन सांगून आलो होतो, की ती यायची नाही म्हणून? हिला आजतागायत वाटतं, निवडच झाली नाही. सुखात आहे.’

माझ्या हातात त्यांचाच शर्ट होता. मी घडी पुरी केली. अर्धी ठेवली असती तर तो चुरगळला असता आणि पुन्हा इस्त्री मलाच करावी लागली असती.

तुला हे ठाऊक नसणार. माझं लग्न नवं होतं. नगरपालिकेच्या नकाशा विभागात ट्रेसरची जागा निघाली होती. जुन्या नकाशावर पातळ कागद ठेवायचा आणि शाईने रेघा उतरवून घ्यायच्या. माझा हात चांगला होता ग. परीक्षा घेणारे गृहस्थ माझा कागद उजेडात धरून म्हणाले होते, ‘या तुम्ही. आम्ही वाट बघतो.’ मग काही कळवलंच नाही त्यांनी. मी समजले, त्यांना नंतर माझं काम पसंत पडलं नसावं. त्या दिवसापासून मी पेन्सिल धरली नाही. मुलांना शाळेत चित्र काढायला सांगायचे, तर मी त्यांना शेजारच्या घरी पाठवायची. ज्याला येत नाही त्याने शिकवू नये म्हणून. आणि इतकी वर्षं मनात त्या गृहस्थांची माफी मागायची, की तुमची निराशा केली. ते बिचारे खरंच वाट बघत राहिले असतील.

यांना मी अजून काही बोलले नाही. त्यांचं भाषण पाठ करणं चाललंय. मी समोर बसते आणि अडलं की पुढचा शब्द सांगते. परवा ‘समान’च्या पुढे अडले होते. ‘संधी,’ मी म्हटलं.

तू मात्र गप्प बसू नकोस. मला गप्प बसण्याचा अनुभव आहे, त्यातून काही निघत नाही.

तुझी,
मामी


६ एप्रिल

प्रिय मामी,

तुझं पत्र मी फुलदाणीसमोर बसून वाचलं आणि एवढी रडले, की आलेल्या माणसानेच मला ‘बसा’ म्हटलं.

मग उठले आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले. आत फोरमन आणि दोन क्रेनवाले होते, तरी थांबले नाही. म्हटलं, ‘साहेब, मला कुणाच्या सांगण्यावरून उतरवलंत ते कळलंय. माझी एकच विनंती. नियम सगळ्यांना सारखा लावा. या दोघांच्या मामांनाही फोन करा.’

साहेब म्हणाले, ‘म्हणजे?’

मी त्या क्रेनवाल्यांनाच विचारलं, ‘तुमच्या मामांची परवानगी आहे का?’ एक म्हणाला, त्याच्या मामाशी त्यांचं बोलणंच नाही. दुसरा गडबडून म्हणाला, ‘मामा वारले. मग माझं काय होणार?’ साहेबांना घाम फुटला. ‘तसं नाही, तुमचे मामा म्हणजे घरचाच माणूस,’ वगैरे सुरू झालं.

तेवढ्यात फोरमन बोलले. मला वाटलं, आता हेही ‘अहो मॅडम’ करणार. तर म्हणाले, ‘साहेब, मामाचं काय ते तुमचं तुम्ही बघा. धक्क्याला जहाज लागलंय, मागे दुसरं उभं आहे. तुम्ही जो पोरगा वर बसवलात, त्याने कालपासून दोन कंटेनर ठोकले. मला वर माणूस पाहिजे.’ मग माझ्याकडे वळून ओरडले, ‘आणि तू काय बघत बसलीस, गाढवा? चढ!’

मामी, आयुष्यात इतकं गोड मला कुणी बोललेलं नाही.

मी चढले. साहेबांनी ना हो म्हटलं, ना नाही. ते खिडकीकडे गेले. आता रोज चढते. समानता वगैरे काही झालेलं नाही, हे मला कळतं. जहाज खोळंबलं होतं म्हणून मी वर आहे. पण वर आहे. संध्याकाळी फोरमनची माफी मागितली. ते म्हणाले, ‘मी म्हटलं, ही माझ्याकडे न बघता फुलदाणीकडे का बघते? फुलं तर कागदाची आहेत.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी रखवालदाराकडून चावी घेतली आणि झाडू स्वतः बाहेर काढले. चावी आता माझ्याकडे आहे. मी पाणी पिते.

मामांना मी लिहिणार नाही. लिहायला बसले की मनात कंटेनर झुलायला लागतो, आणि या वेळी त्या बाजूला मला जायचं नाही. पण तू काय करणार आहेस?

तुझी,
ठकू


१६ एप्रिल

चि. ठकूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. तरीही मीच लिहितो, कारण घडला प्रकार तुझ्या कानावर कुणाकडून वेडावाकडा जाण्याआधी खरा काय तो कळावा.

रविवारी माझं व्याख्यान झालं. सभागृह भरलं होतं. शिडीच्या वाक्याला टाळ्या पडल्या. तुझी मामी पहिल्या रांगेत बसली होती. मला वाटलं, कौतुकाने. खरं तर तेव्हाच संशय यायला हवा होता, कारण चहाची वेळ झाली होती.

अध्यक्ष म्हणाले, ‘कुणाला प्रश्न असल्यास...’ हे आपलं म्हणायची पद्धत असते. प्रश्न कुणालाच नसतो. तर मामी उठली. मला म्हणाली, ‘वक्त्यांनी आपल्या बायकोची नोकरी कुणाला विचारून घालवली?’

मी म्हणालो, ‘हा व्यक्तिगत प्रश्न आहे.’

‘हो ना,’ ती म्हणाली, ‘माझाच आहे.’

मागून एका निवृत्त नर्सबाईंनी ‘उत्तर द्या की!’ असा आवाज दिला. मी पाणी प्यायलो. मी म्हणालो, ‘त्या काळी मी जे केलं ते काळजीपोटी केलं.’ मामी म्हणाली, ‘कुणाच्या?’ ठकू, मी इतकी वर्षं सभा गाजवतोय, पण एका शब्दाचा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, ‘घराच्या.’ कुणीतरी हसलं. मामी म्हणाली, ‘मग घराला विचारलं होतंत?’ आणि बसली. रडली असती तर मी सावरून घेतलं असतं, पण ती तशी बसूनच राहिली.

एकही बाई चहाला उठली नाही. शेवटी आम्ही पुरुषच आत गेलो. साखर सापडली नाही. पाच डबे होते, एकावरही काही लिहिलेलं नव्हतं. चिटणीसांनी एका डब्यातलं घातलं, ते मीठ निघालं. तो चहा सगळ्यांनी मुकाट्याने प्यायला आणि मंडळी पांगली.

घरी मी तिला म्हणालो, ‘चारचौघांत बोलायची काय गरज होती? मला एकट्याला सांगायचं.’ ती म्हणाली, ‘मला एकटीला सांगायचं तुम्हाला तेव्हा सुचलं नाही.’

तू तिला समजाव. तुझं ऐकते. माझा हेतू शुद्ध होता, हे तूही मान्य करशील. आणि हे सगळं लंबूला कळवू नकोस.

तुझा,
मामा


२५ जून

चि. ठकूस,
आशीर्वाद.

माझ्या मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. येईल अशी आता अपेक्षाही नाही.

मेच्या शेवटी तुला कायम करतात हे माझ्या ध्यानात होतं. म्हटलं, आपण मोठ्या मनाने पुढाकार घ्यावा. लंबूला फोन लावला. म्हणालो, ‘लंबू, ठकूला क्रेनवर बसायला माझी परवानगी आहे.’ तो म्हणाला, ‘कुठली परवानगी? ती तर एप्रिलपासून वरच आहे. कायम झाल्याची ऑर्डरही गेली.’ मी म्हणालो, ‘मला कुणी विचारलं नाही?’ तो म्हणाला, ‘अरे, विचारायचं राहूनच गेलं.’ आणि तिकडे जहाज आलं म्हणून त्याने फोन ठेवला.

तुझी मामी नोकरीला लागली आहे. टॅक्सीवाल्यांच्या कचेरीत. सकाळी जाते, दुपार टळल्यावर येते. लोकांचे फोन घ्यायचे आणि कुठली गाडी कुठे पाठवायची ते सांगायचं. त्या नर्सबाईंच्या ओळखीने मिळाली. मला तिने आदल्या दिवशी जेवताना सांगितलं. सांगितलं, विचारलं नाही. मी ‘बरं’ म्हणालो. दुसरं काय म्हणता आलं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

परवा मला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. टॅक्सीला फोन केला. ‘बोला, कुठून कुठे?’ आवाज मामीचा. पण घरात असतो तसा नव्हता. भरभर, ठसठशीत, आणि मागे चार फोन वाजत असताना शांत. मी म्हणालो, ‘अगं, मी बोलतोय.’ ती म्हणाली, ‘हो, पण जायचं कुठे?’ मी दात सांगितला. ती म्हणाली, ‘तुमच्या आधी एक बाळंतीण आहे आणि एक आजोबा आहेत. थांबावं लागेल.’

मी पायऱ्यांवर थांबलो. थांबल्या थांबल्या एक गोष्ट मनात आली. इतकी वर्षं हा आवाज माझ्या घरात होता आणि तो मी ऐकलाच नव्हता. माझ्यापायी इतर कुणालाही ऐकायला मिळाला नव्हता.

ती घरी आली तेव्हा मी चहा केला होता. साखरेचा डबा आता मला कळतो. म्हणालो, ‘माझी चूक झाली असेल तर...’ तिने हात वर केला. म्हणाली, ‘“असेल तर” काढा आणि परत म्हणा.’

मी परत म्हणालो. ती चहा प्यायली, कप धुतला, आणि म्हणाली, ‘मला हे एकदा ऐकून पुरणार नाही. आणि ठकूलाही लिहा.’

म्हणून हे पत्र. ठकू, माझी चूक झाली.

यापुढे काय लिहावं ते सुचत नाही. असं माझ्या बाबतीत प्रथमच होत आहे.

मामा